तणाक उदक

पहाटे साडेपाचला नळ सुस्कारा टाकतो. आधी नुसती हवा, मग लालसर पाण्याची एक गुळणी, मग करंगळीएवढी धार. मार्च सरला की गोव्यातल्या आमच्या पर्वरीत या आवाजानेच घरेदारे जागी होतात, गजर लावावा लागत नाही. पुढचा तासदीड तास नुसती धावपळ. खालची टाकी, पंप, वरची टाकी, पिंप, बादल्या, कळशा. या सगळ्यांच्या मागे, रेशनच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या गरिबासारखी, आमची लॉन.

लॉन म्हणजे जेमतेम चारशे चौरस फूट. मुलाने हौसेने लावली, मग तो परदेशी गेला आणि हौस माझ्या गळ्यात आली. नर्सरीवाल्याने ‘मेक्सिकन’ म्हणून गवताच्या चौकोनी चटया आणून पसरल्या, तेव्हा सासूबाई गावाहून आल्या होत्या. आम्ही त्यांना मांय म्हणतो. त्यांचे पेडण्याकडचे अंगण म्हणजे पावसाळा संपला की चोपून, शेणाने सारवून आरशासारखे केलेले. त्यात गवताची काडी उगवली तर अपमान. मी पाइप धरून उभी असताना त्या तुळशीकडून म्हणाल्या, “तणाक उदक घालता? आमी जल्मभर तें उपटून उडयलें!”

कोकणीत गवत म्हणजे तण, आणि मराठीत तण म्हणजे नको असलेले गवत. दोन भाषांच्या मधल्या त्या फटीत मी पाइप घेऊन उभी होते.

गंमत अशी, की गोव्यात पाण्याचा दुष्काळ असावा हेच पटत नाही. वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांत गवत वाढवावे लागत नाही, थोपवावे लागते. पण पर्वरी हा जांभ्याचा सडा, म्हणजे दगडी पठार. चिऱ्याला इतकी भोके, की पडलेले पाणी इथे थांबत नाही, खाली उतरून जाते. मग नळाचाच आधार. तिळारी धरणाचा कालवा कुठे फुटला, की अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला धाप लागते आणि आमच्या बादल्या रित्या. पाऊस असला म्हणजे नळ असतो, असेही नाही म्हणा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, ऐन धारेत, खांडेपारला जलवाहिनी फुटली आणि पणजीकर कित्येक दिवस छत्री घेऊन टँकरची वाट पाहत होते.

उन्हाळ्यात आवाहन येते, पिण्याचे पाणी बागेला आणि गाड्या धुवायला वापरू नका. एकदा मी कागदावर हिशेब मांडला. लॉनला आठवड्याला इंचभर पाणी द्यायचे, तर चारशे चौरस फुटांना साडेनऊशे लिटर लागतात. म्हणजे आमची वरची अख्खी टाकी, आणि तीही गवताला. ती वही मी मांयच्या हाती लागू दिली नाही.

सुरुवातीला मी सगळे उलटेच करत होते. रोज संध्याकाळी दहा मिनिटे फवारा. वरवर ओल मिळाली की मुळे आळशी होतात, खाली उतरतच नाहीत, आणि एक दिवस नळ रुसला की माना टाकतात. त्यात माळ्याकडून दाढी केल्यासारखे गवत कापून घ्यायचे, म्हणजे ऊन थेट मातीवर. एका एप्रिलमध्ये तर पिवळेपणावर उपाय म्हणून युरिया टाकला. आठ दिवसांत लॉनवर पट्टेरी वाघ उमटला.

आता गवत तीन बोटे उंच ठेवते, त्याची सावली त्याच्याच मुळांना. पाणी आठवड्यातून एकदा, पहाटे, पण खोलवर मुरेल असे. तहान लागली की नाही हे पायांना कळते. चालून गेल्यावर पाऊल उमटून राहिले, गवत उठले नाही, की समजावे. मे महिन्यात तेही बंद. मग पंधरा-वीस दिवसांतून एकदा बुडख्यांपुरती ओल, कपडे खळबळल्यानंतरच्या शेवटच्या पाण्याची. पाती पिवळी पडतात, पण बुडखे जिवंत असतात. अख्खा सडा दर उन्हाळ्यात असाच तर झोपतो. तांदळाच्या धुवणावर कढीपत्त्याचा हक्क. चांगल्या पाण्यात पहिला मान तुळशीचा, मग अबोलीचा, मग दासवणीचा, म्हणजे जास्वंदीचा.

मुलगा कॅलिफोर्नियात. तिथे २०१५ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरांना पाणीवापर पंचवीस टक्के कमी करायला लावला होता, तो हुकूमही एरवी बर्फाने झाकलेल्या डोंगरावर, त्या वर्षी उघड्या पडलेल्या गवतात उभे राहून दिला. तो सांगतो, काही गावांत घराचा नंबर सम की विषम, यावर लॉनला पाणी घालायचा वार ठरतो. काही जण वाळलेल्या गवताला हिरवा रंग फवारून घेतात. रंगाचे ऐकून मांय इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला.

समोरच्या बंगल्याची लॉन मात्र मे महिन्यातही पोपटी. मालक वर्षातून दोनदा येतात, टँकर आठवड्यातून दोनदा. राखणदार भर दुपारी पाइप सोडून सावलीत बसतो, अर्धे पाणी रस्त्यावर. पूर्वी मला हेवा वाटायचा, आता नळाची वेळ आठवून नुसता राग येतो.

परवा सकाळी चहा घेत पायरीवर बसले होते. गल्लीतली मोकाट गाय आमच्या फाटकाशी आली, मान आत घालून आमचे गवत हुंगले, आणि फुस्स करून नाक झटकले. मग सावकाश रस्ता ओलांडून ती समोरच्या उघड्या फाटकातून आत गेली. राखणदाराची डुलकी लागली होती. हाक मारावी का, असा विचार करेपर्यंत तिने एक वाफाभर लॉन साफ केली. मांय दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. “चरूं दी गो तिका,” त्या म्हणाल्या. मी कपात आणखी थोडा चहा ओतून घेतला.