दादासाठी स्टेम सेल दिल्या, सगळी भिस्त सीडी-३४ वर

दादाला ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला, केमोने रोग आटोक्यात आला आणि मग डॉक्टर म्हणाले स्टेम सेलचं, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचं, ट्रान्सप्लांट करावं लागणार. सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरची ओळखखूण, ती जुळावी लागते) पूर्ण जुळायची शक्यता २५ टक्केच, पण माझं जुळलं. आईला वाटलं पाठीच्या कण्यात सुई घालणार, तसं काही नसतं हो, हल्ली बहुतेक वेळा हाताच्या शिरेतूनच घेतात, फक्त आधी चार-पाच दिवस रोज जी-सीएसएफचं, म्हणजे स्टेम सेल रक्तात आणणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन घ्यायचं.

ट्रान्सप्लांट मुंबईला, पण सुरुवातीची इंजेक्शनं चिठ्ठी आणून फोंड्यातच घेतली. ती २ ते ८ डिग्रीत ठेवायची, आणि गोठता कामा नये हे महत्त्वाचं! आई मासळीवाल्याकडचा बर्फ आणायला निघालेली, फार्मसीवाल्याने जेलपॅक दिला म्हणून बरं. दुसऱ्या दिवसापासून कंबर आणि छातीचं मधलं हाड असं ठणकायला लागलं की कुशीवर वळताना आई गं व्हायचं. स्टेम सेल एरवी हाडाच्या मगजात धरून बसलेल्या असतात, हे औषध ती पकड सैल करतं म्हणून त्या रक्तात उतरतात. पॅरासिटामॉल घेऊन मडगावहून कोकणकन्या पकडली.

तिथे सकाळी रक्त घेतलं आणि दुपारपर्यंत सगळे एकच विचारत होते, सीडी-३४ किती आला? मी टेक्निशियनला विचारलं हे काय प्रकरण, तर तो बिचारा स्क्रीनच दाखवायला घेऊन गेला. स्टेम सेल मायक्रोस्कोपखाली साध्या लिम्फोसाइटसारखीच (एक प्रकारची पांढरी पेशी) दिसते, नुसतं बघून ओळखू येत नाही. तिच्या अंगावर सीडी-३४ नावाचं प्रोटीन असतं, त्याला चिकटणारी चमकती अँटीबॉडी टाकायची आणि लेझरसमोरून एकेक पेशी सोडायची. १९८४ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या कर्ट सिव्हिन यांच्या टीमने हे प्रोटीन शोधलं. गंमत म्हणजे हे प्रोटीन नेमकं काय काम करतं ते अजून पूर्ण कळलेलं नाही, आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींवरही ते असतं, म्हणून सोबत सीडी-४५ हे पांढऱ्या पेशींवरचं दुसरं प्रोटीन फिकट चमकतंय का तेही बघतात. स्क्रीनवर ठिपक्यांचा मोठा ढग आणि कोपऱ्यात एवढासा पुंजका, तेवढाच कामाचा.

रक्तातला सीडी-३४ मायक्रोलिटरमागे २० पेशींच्या वर असला की निर्धास्त सुरू करतात, माझा होता. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये आणि दुसऱ्यातून परत, चार-पाच तास, हात वाकवायचा नाही, नाक खाजलं तरी नर्सला हाक. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, त्याने कॅल्शियम उतरतं आणि ओठांना मुंग्या येतात, लगेच सांगायचं, मी भिडेखातर गप्प बसले होते, तुम्ही बसू नका. पिशवीत जमलेलं टोमॅटोच्या सारासारखं दिसत होतं.

पिशवीचाही सीडी-३४ काढतात. पेशंटच्या वजनाच्या किलोमागे ५० लाख पेशी धरल्या तर ६० किलोच्या दादाला ३० कोटी लागणार! तेवढ्या एकाच बैठकीत भरल्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी परत सुया.

हाडं दोनेक दिवसांत शांत झाली. मावशी मात्र अजून विचारते, ब्लडग्रुप वेगळा असून चाललं कसं? चालतं, एचएलए जुळावं लागतं. उलट बी पॉझिटिव्ह दादाचं रक्त आता हळूहळू माझ्यासारखं ओ पॉझिटिव्ह होणार आहे, त्यामुळे वैनीने त्याच्या पाकिटातलं जुनं कार्ड काढून टाकलंय.