तुम्ही विचारलंत म्हणून: टब बरा की शॉवर?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे माणसं येतात ती पाठ, गुडघे नाहीतर खांदा घेऊन. पण उपचार आटोपून निघता निघता दारात उभं राहून जो प्रश्न हमखास विचारला जातो, तो वेगळाच असतो. "बाथरूम नवीन करतोय. टब बसवू की शॉवर पुरे? जास्त स्वच्छ कशानं होतं? आणि थकवा कशानं जातो?"

सगळ्याचं मिळून एकच उत्तर हवं असतं आणि तिथेच गाडी अडते. स्वच्छतेसाठी शॉवर सरस, पण थोडक्या फरकानं. विश्रांतीसाठी टब सरस, आणि तिथे फरक चांगला मोठा आहे. दारातल्या दारात मी एवढंच सांगते. आता सवडीनं विचारलंत, तर सवडीनं सांगते.

टबावरचा नेहमीचा आक्षेप असा, की आपलाच मळ काढायचा आणि आपण त्यातच बसायचं, ही कसली स्वच्छता! ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण घरगुती टबात अंग बुडेल इतकं पाणी म्हणजे सव्वाशे-दीडशे लिटर होतं. खुर्चीत बसून दिवस काढलेल्या माणसाच्या अंगावरचा घाम आणि धूळ एवढ्या पाण्यात मिसळली तर ती जाणवणारही नाही. अडचण मळाची नाही, साबणाची आहे. घाम नुसत्या पाण्यानं जातो, त्वचेवरचं तेल जात नाही. साबणाचा रेणू एका टोकानं तेलाला धरतो आणि दुसऱ्या टोकानं पाण्याला, म्हणून तेल सुटं होतं. सुटं झालेलं तेल वाहून नेणं हे पुढचं काम, आणि त्याला वाहतं पाणीच लागतं. टबात ते तिथल्या तिथे तरंगत राहतं आणि उठताना साबणासकट पुन्हा अंगाला लागून वर येतं. पुष्कळांना टबातून बाहेर आल्यावर खाज सुटते, त्याचं एक कारण हा न धुतला गेलेला साबण असतो. उपाय सोपा आहे. शेवटी स्वच्छ पाणी अंगावर घ्यायचं आणि केस टबात धुवायचेच नाहीत. बादलीतून तांब्यानं पाणी ओतून घेणारे या वादात आपोआप शॉवरच्या बाजूला जातात, कारण त्यांचंही पाणी वाहून जातं.

चिखलमातीत काम करून आला असाल, भरपूर व्यायाम झाला असेल, तर मात्र चर्चा नको, शॉवरच घ्या. टाके असतील किंवा जखम उघडी असेल, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत टबात बसू नका.

आता 'स्वच्छ' म्हणजे जंतुमुक्त असं कुणाच्या मनात असेल, तर ते दोन्हीकडे होत नाही. 1965 साली 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मजेशीर निष्कर्ष छापून आला होता: शॉवर घेतल्यानंतर माणसाच्या त्वचेवरचे जंतू हवेत कमी नाही, जास्त पसरतात. पाण्यानं त्वचेचा वरचा मृत थर मऊ होतो, त्याचे बारीक पापुद्रे सुटतात आणि जंतू त्यांच्यावर स्वार होऊन निघतात. ऑपरेशन थिएटरमध्ये याचं महत्त्व आहे. घरी काही बिघडत नाही, कारण हे जंतू आपल्या त्वचेवरचे कायमचे रहिवासी असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. पण आंघोळ म्हणजे निर्जंतुकीकरण, ही कल्पना डोक्यातून काढायला एवढं पुरेसं आहे.

टबाला घाणेरडं म्हणणाऱ्यांनी शॉवरच्या चाळणीकडेही एकदा बघावं. कोलोरॅडो विद्यापीठातल्या नॉर्मन पेस यांच्या गटानं अमेरिकेतल्या नऊ शहरांमधल्या शॉवरच्या चाळण्या तपासल्या आणि 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आतल्या बुळबुळीत थरात मायकोबॅक्टेरियम एव्हियमसारखे जंतू नळाच्या पाण्यातल्यापेक्षा कितीतरी दाटीनं सापडले. धडधाकट माणसाला यानं काही होत नाही. फुफ्फुसांचा जुना आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, तर मात्र बरेच दिवस बंद असलेला शॉवर सुरू करून लगेच त्याखाली उभं राहू नये. पाणी थोडं वाहू द्यावं आणि तोवर बाहेर थांबावं.

त्वचेचं सांगितल्याशिवाय स्वच्छतेचा विषय संपत नाही. त्वचेवर सौम्य आम्लाचा एक पातळ थर असतो. हाइनरिश शाडे आणि आल्फ्रेड मार्खिओनिनी या जर्मन संशोधकांनी 1928 मध्ये त्याला आम्लाचं आवरण असं नाव दिलं. त्याचा पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा (7 च्या खाली आम्ल, वर अल्क), साधारण 5 असतो. साध्या साबणाच्या वडीचा 9 ते 10. म्हणजे साबण रोज सगळ्या अंगाला खसाखसा चोळणं हा त्या आवरणावर रोजचा हल्लाच. काखा, जांघा आणि पावलं इथे साबण हवाच. हातापायांना, पाठीला, पोटाला रोज त्याची गरज बहुतेकांना नसते. पाणी कढत असेल आणि वेळ लांबला असेल, तर त्वचेतलं स्वतःचं तेलही निघून जातं आणि अंग ओढल्यासारखं होतं. कोरडी त्वचा किंवा एक्झिमा असलेल्यांनी पाणी कोमट ठेवावं, पाच-दहा मिनिटांत आटोपावं आणि अंग ओलसर असतानाच मलम किंवा क्रीम लावावं. टब असो वा शॉवर, नियम तोच.

तर स्वच्छतेचं काम पाच मिनिटांत संपतं. त्यापुढे पाण्यात जेवढा वेळ घालवता तो सुखासाठी. त्यात गैर काहीच नाही. फक्त ते सुखासाठी आहे हे स्वतःशी कबूल केलं, की ते जास्त चांगलं कसं मिळेल याचा विचार करता येतो. आणि इथे टब पुढे निघून जातो.

आमच्या शाखेत पाण्यातल्या व्यायामाला मोठं स्थान आहे, म्हणून पाणी शरीराचं काय करतं हे मी रोज बघते. मानेपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. घरच्या टबात आपण आडवे असतो, पण तत्त्व तेच. पाठीचे, मानेचे, कमरेचे जे स्नायू दिवसभर आपल्याला ताठ धरून असतात, त्यांच्यावरचा भार उतरतो. शॉवरखाली हे होऊच शकत नाही, कारण आपण उभे असतो आणि ते स्नायू कामावरच असतात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या दाबाची. बाहेरून अंगावर सगळीकडून पाण्याचा दाब आला, की पायांत आणि पोटात साचलेलं रक्त छातीकडे सरकतं. मानेपर्यंत बुडालेल्या माणसाच्या बाबतीत हे सुमारे 700 मिलिलिटर इतकं मोजलं गेलं आहे. हृदयाचे कप्पे त्यामुळे ताणले जातात, शरीराला वाटतं आत द्रव जास्त झाला, आणि मूत्रपिंडांना तो बाहेर टाकण्याचा निरोप जातो. टबात शिरल्यावर थोड्या वेळानं लघवीला लागते ती याच कारणानं. (हा प्रश्नही मला विचारला जातो, जरा हळू आवाजात.) त्यातच उष्णतेनं रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आखडलेले स्नायू सैल होतात. शॉवरचं गरम पाणी एका वेळी अंगाच्या एका बाजूवर पडतं, दुसरी बाजू गार पडत असते.

जपानमध्ये 2018 साली हे ताडून बघितलं गेलं. 38 जणांनी दोन आठवडे रोज 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटं बसायचं आणि दुसरे दोन आठवडे फक्त शॉवर घ्यायचा. टबाच्या दिवसांत थकवा, ताण, दुखणं या सगळ्याबद्दल लोकांनी जास्त चांगलं सांगितलं. अभ्यास लहान होता, आणि आपण टबात आहोत की शॉवरखाली हे बसणाऱ्याला ठाऊक असणारच, त्यामुळे आवडीनिवडीचा रंग त्यात मिसळलेला असणार. तरी रोज रुग्णांकडून जे ऐकते त्याच्याशी ते जुळतं.

तिथलाच आणखी एक मोठा अभ्यास 2020 मध्ये 'हार्ट' या नियतकालिकात आला. तीस हजारांहून जास्त माणसांची माहिती जवळजवळ वीस वर्षं ठेवली होती. जवळपास रोज टबात बसणाऱ्यांमध्ये, आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा बसणाऱ्यांच्या तुलनेत, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचं प्रमाण 28 टक्के कमी आढळलं. यावरून टब विकत घ्यायला धावू नका. जो रोज निवांत टबात बसू शकतो, त्याचं बाकीचं आयुष्यही बरं चाललेलं असण्याची शक्यता जास्त.

झोपेच्या बाबतीत मात्र शॉवरवाल्यांनाही न्याय द्यायला हवा. टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या संशोधकांनी 2019 मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासले. झोपण्याच्या एक ते दोन तास आधी, 40 ते 42.5 अंशांचं पाणी, दहा मिनिटं जरी अंगावर घेतलं, तरी झोप लवकर लागते असं दिसलं, मग ती आंघोळ टबातली असो की शॉवरची. यातली गंमत अशी, की झोप अंग तापल्यामुळे येत नाही. तळहात-तळपायांच्या रक्तवाहिन्या उघडतात, त्यांतून शरीराची आतली उष्णता बाहेर पडते, आणि आतलं तापमान उतरायला लागलं की झोप येते. म्हणून आंघोळ करून तडक अंथरुणात शिरण्यापेक्षा मध्ये तास-दीड तास गेलेला बरा.

माझा खरा राग आहे तो वीस-वीस मिनिटांच्या शॉवरवर. त्यात दोन्हीकडचं नुकसान होतं. स्वच्छता पाच मिनिटांत झालेली असते, दाब आणि हलकेपणा मिळत नाही, त्वचा कोरडी पडते, आणि पाणी टबाइतकं जातं, कधी जास्तही. मिनिटाला नऊ लिटर पाणी सोडणारा शॉवर वीस मिनिटांत 180 लिटर रिकामे करतो. इतका वेळ तिथे उभं राहणाऱ्या पुष्कळांना पाणी नको असतं, आतून लावलेली कडी हवी असते. ती गरज खरी आहे, मी हसत नाही. पण तेवढ्यासाठी गिझर चालू ठेवायची गरज नाही.

थंड शॉवरबद्दल विचारणाऱ्यांसाठी नेदरलँड्समधला 2016 चा अभ्यास. तीन हजारांवर लोकांपैकी काहींनी शॉवरचा शेवट 30 ते 90 सेकंद थंड पाण्यानं केला. त्यांच्या आजारपणाच्या रजा 29 टक्क्यांनी घटल्या. आजारी दिवस मात्र इतरांइतकेच राहिले! म्हणजे माणसं आजारी तितकीच पडली, कामावर मात्र गेली. सकाळी तरतरी हवी असेल तर खुशाल घ्या. विश्रांती त्याला म्हणवत नाही.

टबाची एवढी बाजू घेतली, पण त्यातून बाहेर येणं हा माझ्या काळजीचा विषय आहे. आत असताना रक्तवाहिन्या उष्णतेनं रुंद झालेल्या असतात, आणि रक्त वर धरून ठेवणारा पाण्याचा दाब उभं राहताक्षणी जातो. रक्त पायांत उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय ओला, पायाखालचं घसरडं. म्हणून आधी बूच काढा, पाणी उतरेपर्यंत बसूनच राहा, मग कडेला धरून उठा. पाणी 42 अंशांच्या वर नको. दारू घेऊन टबात नको. रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि बाथरूमचं म्हणाल, तर एकच काहीतरी बसवायचं असेल तर शॉवर बसवा. आत न घसरणारी फरशी, भिंतीत पक्का ठोकलेला धरायचा दांडा आणि बसून आंघोळ करता येईल असं भक्कम स्टूल. आज गुडघे चांगले आहेत म्हणून हे टाळू नका, भिंत फोडून दांडा नंतर बसवणं फार कटकटीचं असतं. टबाची कड ओलांडताना एका ओल्या पायावर सगळा तोल येतो, आणि दुखऱ्या गुडघ्याला तेवढंच नको असतं. जागा दोन्हीला असेल तर प्रश्नच मिटला: आधी शॉवरखाली अंग धुवा, मग टबात बसा, पाणीही स्वच्छ राहील.

टब नाही म्हणून हळहळणाऱ्यांना मी पाय बुडवायला सांगते. टेक्ससच्या त्या आढाव्यात नुसते पाय गरम पाण्यात ठेवण्याचे प्रयोगही धरले होते. पिंढरीपर्यंत येईल अशी खोल बादली, सोसेल असं गरम पाणी, दहा-पंधरा मिनिटं आणि पाठ टेकायला खुर्ची. मधुमेहामुळे पावलं बधिर झाली असतील, तर मात्र पाण्याचा अंदाज पायानं घेऊ नका. कोपर बुडवून बघा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणालातरी बघायला सांगा.