रविवार दुपारचा जॅझ

पब म्हटलं की आपल्याकडे अजूनही अंधार, गोंगाट आणि रात्रच डोळ्यांसमोर येते. इथे इंग्लंडमध्ये, आमच्या केंट परगण्यातल्या गावातला पब रविवारी दुपारी बघायला हवा. आजी-आजोबा, कडेवरची पोरं, टेबलाखाली पसरलेली कुत्री, ताटात रोस्ट आणि यॉर्कशर पुडिंग. आणि दोन टेबलं सरकवून केलेल्या जागेत सहा जणांचा बँड.

हा ‘ट्रॅड’ (ट्रॅडिशनल) जॅझ, म्हणजे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या जुन्या वळणाचा. पुढे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन; मागे बॅन्जो (मिरवणुकीतला आपला बेंजो नव्हे, हे कातडं ताणलेलं गोल वाद्य), डबल बास आणि ड्रम्स. ट्रम्पेट मूळ चाल सांभाळतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती वरच्या पट्टीत फिरतं, ट्रॉम्बोन खालून घसरत येतो. मग प्रत्येकाला एकेक आवर्तन मिळतं. ट्रम्पेटवाल्या काकांनी डोक्यावर हात ठेवला की पुन्हा मूळ चालीवर यायचं, ही खूण. आणि शेवटच्या आवर्तनात पुढचे तिघंही एकदम सुटतात. आपल्या मैफलीत एक जण मुख्य आणि बाकीचे साथीला. इथे तिघंही मुख्य, तिघांचंही त्या क्षणी सुचलेलं, तरी कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. वाजवता वाजवता इतकं ऐकणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत. ट्रॉम्बोनची नळी पुढे सरकली की शेजारच्या टेबलावरच्या बाई गप्पा न थांबवता आपला ग्लास बाजूला घेतात.

या भागाचा जॅझशी संबंध जुना आहे. लंडनच्या कडेला बार्नहर्स्टमध्ये रेड बार्न नावाच्या पबात 1940 च्या दशकात जॉर्ज वेबचा बँड वाजवायचा. इंग्लंडमध्ये या जुन्या जॅझची लाट उठली, त्यात त्या बँडचा मोठा वाटा. इंग्रज ट्रम्पेटवादक केन कॉलियर तर व्यापारी जहाजावर नोकरी धरून 1952 मध्ये न्यू ऑर्लिन्सला पोचला, तिथल्या म्हाताऱ्या वादकांबरोबर वाजवलं, व्हिसाच्या मुदतीपेक्षा जास्त राहिला म्हणून तुरुंगात गेला आणि परत आला तो हिरो होऊनच. 1962 मध्ये इंग्लंडच्या ॲकर बिल्कची क्लॅरिनेटवरची धून अमेरिकेत लोकप्रिय रेकॉर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. पुढे बीटल्स आले आणि सगळं मागे पडलं. तेव्हाची कॉलेजातली पोरं आज पबात पहिल्या टेबलांवर काठ्या टेकवून बसलेली असतात.

मला हे सूर परके वाटले नाहीत, याचं श्रेय आपल्या गोवेकरांना. आल्दोनाचा चिक चॉकलेट मुंबईत ट्रम्पेट गाजवत होता आणि सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता. 1951 च्या ‘अलबेला’त तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. भगवानदादांच्या नाचामागचा तो ट्रम्पेट आपण सगळ्यांनी ऐकलाय.

तिकीट बहुतेक वेळा नसतंच. मध्यंतरात एक जण जग घेऊन टेबलाटेबलावर फिरतो, त्यात नोट टाकायची, नाणी नकोत; सहा जणांत ती वाटली जाते. बँडमध्ये तरुण फारच कमी, याची मला खरोखर काळजी वाटते. मुलाकडे किंवा लेकीकडे इंग्लंडला येणार असाल तर लंडन आयच्या रांगेतला एक रविवार वाचवा. जवळच्या पबात दुपारी जॅझ आहे का विचारा आणि क्लॅरिनेटच्या बाजूचं टेबल धरा.