एच. सी. ए. हॅरिसन : कारकिर्दीच्या नोंदीची प्रगती

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या (चेंडू हातात घेऊन धावण्याची मुभा असलेल्या ऑस्ट्रेलियातील फुटबॉलच्या) पहिल्या पिढीतील खेळाडूंच्या नोंदी तयार करताना मी आता हेन्री कोल्डन अँटिल हॅरिसनपर्यंत पोहोचलो आहे. 1897 मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाल्यानंतरच्या खेळाडूंसाठी आपण सामने, गोल आणि हंगाम असा जो तक्ता वापरतो, तो इथे निरुपयोगी ठरतो. 1860 च्या दशकात आधी दोन गोल करणारा संघ सहसा विजयी ठरे, निकाल न लागलेला सामना पुढच्या शनिवारी पुन्हा सुरू होऊ शके आणि खेळाडूही एकाच क्लबशी बांधलेला नसे. केवळ गोलांच्या संख्येवरून पाहिले, तर त्या काळातला प्रत्येक जण किरकोळ वाटेल. म्हणून हॅरिसनसाठी क्लब, कर्णधारपद आणि नियम घडवण्यातील वाटा असे तीन रकाने आखले आहेत.

कुटुंबाची बाजू आता पूर्ण झाली आहे. हॅरिसनचा जन्म 16 ऑक्टोबर 1836 रोजी न्यू साउथ वेल्समधील पिक्टनजवळ झाला आणि तान्ह्या वयातच तो पोर्ट फिलिप (आजच्या मेलबर्नच्या) परिसरात आला. त्याची आई जेन ही हॉरेशियो विल्सची सावत्र बहीण, त्यामुळे टॉम विल्स हा त्याचा मामेभाऊ. इंग्लंडमधील रग्बी शाळेत शिकून परतलेल्या आणि व्हिक्टोरियाच्या क्रिकेट संघाचे नेतृत्व करणाऱ्या याच टॉमने 10 जुलै 1858 रोजी ‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’ या वृत्तपत्रामध्ये छापून आलेल्या पत्रात, क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात अंग ढिले पडू देऊ नये यासाठी फुटबॉल क्लब काढावा, असे सुचवले होते. पुढे 1864 मध्ये हॅरिसनने टॉमच्या बहिणीशी, म्हणजे एमिलीशी, लग्न केले. मामाच्या मुलीशी विवाह ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही, परंतु वंशावळीत दोघांना जोडणाऱ्या रेषा दुहेरी होतात हे खरे.

क्लबांच्या रकान्यात मेलबर्न, 1860 मधील रिचमंडचे कर्णधारपद, त्यानंतर जिलाँग आणि पुन्हा मेलबर्न अशी नोंद झाली आहे. हा रकाना वाचताना टॉमच्या तारखा शेजारी ठेवणे उपयुक्त ठरते. टॉम 1861 मध्ये वडिलांबरोबर क्वीन्सलँडला गेला. त्याच वर्षी 17 ऑक्टोबरला कलिन-ला-रिंगो येथे आदिवासींच्या हल्ल्यात हॉरेशियोसह 19 जण मारले गेले, आणि टॉमची पुढची काही वर्षे फुटबॉलपासून दूर गेली. हॅरिसनचे नेतृत्व आकाराला आले ते याच काळात. हा योगायोग माझ्या मते त्याच्या कारकिर्दीच्या वर्णनात यायला हवा.

सर्वाधिक वेळ घेतला तो नियमांच्या रकान्याने. हॅरिसनला ‘फुटबॉलचा जनक’ म्हटले जाते आणि 1908 मधील या खेळाच्या सुवर्णमहोत्सवात त्याचा गौरवही याच नात्याने झाला. मात्र 17 मे 1859 रोजी मेलबर्न क्लबचे पहिले नियम लिहिणाऱ्यांत विल्स, हॅमर्स्ली, थॉम्प्सन आणि स्मिथ होते, हॅरिसन नव्हता. त्याचा खरा वाटा 1866 च्या सुधारित नियमांमध्ये आहे. चेंडू घेऊन धावणाऱ्याने दर पाच-सहा यार्डांवर तो जमिनीवर आपटलाच पाहिजे, हे बंधन त्या संहितेत आले. हॅरिसन स्वतः वसाहतीतील नावाजलेला धावपटू होता आणि बॅलरॅटच्या एल. एल. माउंटशी त्याच्या शर्यती गाजल्या होत्या. म्हणजे ज्या नियमाचा सर्वाधिक तोटा त्याला स्वतःलाच होणार होता, त्या नियमाच्या मागे तो उभा राहिला. ‘जनक’ या पदवीपेक्षा ही नोंद मला कितीतरी अधिक बोलकी वाटते, म्हणून ती पदवी मी शेऱ्यात ठेवली आहे आणि 1866 मुख्य तक्त्यात घेतले आहे.

खेळणे थांबल्यानंतरच्या काळातील 1884 ची इंग्लंडभेटही तक्त्यात आली आहे. तिथल्या फुटबॉल मंडळींनी व्हिक्टोरियाचे नियम स्वीकारावेत, असा प्रस्ताव त्याने मांडला होता. तो मान्य होण्याची शक्यता नव्हतीच, पण त्याचा आत्मविश्वास त्यातून दिसतो. हॅरिसन 2 सप्टेंबर 1929 रोजी वयाच्या 92 व्या वर्षी वारला, तर टॉमने 1880 मध्येच आपले आयुष्य संपवले होते. आरंभीच्या वर्षांच्या पुष्कळ हकिगती हॅरिसनने उतारवयात सांगितलेल्या असल्याने त्या तत्कालीन वृत्तपत्रांशी ताडून घेतल्याशिवाय तक्त्यात घेत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ संग्रहातून ही पडताळणी सुरू आहे. यानंतर टॉमचा तक्ता याच तीन रकान्यांत भरायचा आहे आणि त्यात आदिवासी क्रिकेट संघाला दिलेल्या प्रशिक्षणासाठी चौथा रकाना जोडावा लागेल.