ख्रि. वा.

कागदावर फुली मारता येते, फ्लेक्स दुसरा छापता येतो. काळ्या ग्रॅनाइटवर अक्षर एकदा बसलं की बसलं. घासून काढाल तर तेवढ्या जागेची कारखान्यातली पॉलिश जाते आणि डाग कायमचा राहतो.

काम असं : दगडावर रबराची शीट चिकटवायची, अक्षरं कापून सोलायची आणि कॉम्प्रेसरच्या दाबानं वाळू मारायची. 'व'च्या पोटातला रबराचा ठिपका उडाला की 'व'चा ठोकळा झाला. म्हणून ओळ मी दोनदा वाचतो आणि नावाआधीची अक्षरं तिसऱ्यांदा. कै., वै., मरहूम, ख्रि. वा. यातलं शेवटचं म्हणजे ख्रिस्तवासी. डीटीपीवाल्या पोरांना ते माहीत नसतं, आणि विचारायला त्यांची जीभ झिजते.

मिरजेत मिशनचा दवाखाना १८९४ पासूनचा, ख्रिस्ती वस्तीही जुनी. सांगलीत दुकान असूनही कबरींची कामं मला तिकडूनच येतात. पाय पूर्वेला, डोकं पश्चिमेला; मेलेले एक दिवस कबरेतून उठणार असं ते मानतात, उठतील तेव्हा तोंड उगवतीकडे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये अण्णा दुकानात आला. मी कामगाराला चहा सांगितला, पण माझ्याच हाताला घाम सुटला होता. २०१९च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा माझा कॉम्प्रेसर चार दिवस बुडून होता. नव्यासाठी अण्णाकडून एक लाख घेतले, महिना पाच टक्क्यांनी. व्याज भरत होतो, मुद्दल जागच्या जागी. माझा कोरा चेक त्याच्या कपाटात. हप्ता चुकलेल्याची गाडी भर चौकात काढून नेणारा माणूस.

बायकोचा दगड हवा होता. ती ख्रिस्ती, नर्स होती. हा कधी चर्चची पायरी चढलेला नाही.

"डोक्याशी उभा दगड कर. वरनं फरशी नको."

एवढा पैसा असून बचत करतोय, असं मला वाटलं.

आठ दिवसांनी दगड बघायला आला आणि उभा राहिला. पोरानं सवयीनं 'कै.' टाकलं होतं, आणि मी तिसऱ्यांदा वाचलंच नव्हतं. आता दुकान फोडतो, या तयारीनं मी मागं सरकलो. अण्णानं अक्षरावर बोट ठेवलं.

"कैलासाला गेली असती तर सुटलो असतो रे. पास्टर म्हणतात, ती उठणार. म्हणजे माझी तिची गाठ पडणार."

मी गप्प.

"तिनं आयुष्यभर एकच सांगितलं, लोकांचे चेक परत द्या. मेल्यावर विषय संपला असं मी धरून चाललो होतो." मग फरशीचा खुलासाही झाला. "उठायचंय तिला. वरनं ओझं कशाला?"

खिशातून त्यानं माझा चेक काढला. "तुझं मुद्दल कधीच फिटलंय."

पुनरुत्थान हा शब्द मी कितीदा कोरलाय. 'त्था'मधला अर्धा 'त' नाजूक असतो, एवढंच मला त्यातलं कळत होतं. ज्यानं उरलेल्यांना धीर यावा, त्यानं अण्णाला घाबरवलं होतं.

बाजारात वेगळंच बोलतात. सावकारीच्या २०१४च्या कायद्यात विनापरवाना धंद्याला कैद आहे, त्याला तो भ्याला म्हणे. असेलही. बाकीच्या किती जणांचे चेक परत गेले, मी विचारलं नाही. पण कायद्याला भिणारा माणूस फरशी नको म्हणेल का, इथं मी अडकतो.

नवा दगड कोरला, शनिवारी संध्याकाळी बसवला. दुसऱ्या दिवशी, २० एप्रिलला ईस्टर. सिमेंट धरलंय का बघायला पहाटे गेलो. अंधारात लोक मेणबत्त्या घेऊन कबरींशी उभे होते. पास्टर वाचत होते : बाया येशूच्या कबरेकडे निघाल्यात आणि वाटेत एकमेकींना विचारतायत, तोंडावरची धोंड कोण लोटणार? मला एकदम जवळचं वाटलं. एक दगड हलवायला मला चार माणसं लागतात, आणि आदल्या दिवशी तीनच आली होती.

अण्णा फाटकापाशीच होता, आत आला नव्हता. मेणबत्ती विझली होती, तरी धरून.

दगडाचे उरलेले पैसे त्यानं तिथंच दिले, चुकलेल्या दगडाचेसुद्धा. चूक माझी होती. मी मोजून घेतले.