पोर्ट्रेटचं माध्यम ठरवलं गालाच्या कडेवर

माध्यम ठरवायला मी पूर्ण चेहरे रंगवत बसलो नाही. खिडकीशेजारी बसवलेल्या माणसाचा फक्त गाल, डोळ्याखालच्या हाडापासून जबड्यापर्यंत, साधारण ६ × ८ इंचांत, चार माध्यमांत केला. पोर्ट्रेट फसतं ते बहुधा इथेच. उजेडाकडून सावलीकडे वळताना गालावर एक मंद, किंचित हिरवट-करडा पट्टा येतो. तो जमला तर गाल गोल दिसतो, नाही जमला तर गालावर डाग पडल्यासारखा वाटतो. कुठलं माध्यम हा पट्टा किती वेळ हाताशी ठेवू देतं, एवढंच मला बघायचं होतं.

अॅक्रिलिक आधी घेतलं, कारण वास नाही आणि ब्रश नळाखाली धुता येतो. पण पातळ थर ५ ते १० मिनिटांत सुकतो, पंखा चालू असेल तर त्याहून लवकर. उजेडाचा रंग लावून सावलीचा मिसळेपर्यंत पहिला धरलेला असतो, मग दोन्ही एकमेकांत जातच नाहीत. चपट्या डब्यात ओला टिश्यू आणि त्यावर बटर पेपर ठेवून पॅलेट केलं तर पॅलेटवरचा रंग दिवसभर ओला राहतो. कॅनव्हासवरचा मात्र राहत नाही. रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारं द्रव्य, घालता येतो, पण तो बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापुढे गेला की थर चिकट राहतो. दुसरी अडचण जास्त छळते: अॅक्रिलिक सुकल्यावर गडद होतं. त्यातला बाइंडर, म्हणजे रंगाची पूड बांधून ठेवणारा घटक, ओला असताना दुधाळ असतो, सुकला की पारदर्शक होतो. दुसऱ्या दिवशी कालचाच रंग जुळवायचा असेल तर मिश्रण कागदाच्या तुकड्यावर लावून, हेअर ड्रायरने सुकवून मगच चेहऱ्यावर न्यावं.

जलरंगात तो पट्टा सगळ्यात सुंदर येतो, एकदाच. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटनचा कागद लागतो. हलका कागद दुसऱ्याच धुवणीला, म्हणजे पाणीदार रंगाच्या थराला, फुगतो. मी यलो ऑकर आणि लाइट रेडची पातळ धुवण दिली आणि ती ओलसर असताना, म्हणजे चकाकी गेली पण कागद अजून गार लागतोय अशा वेळी, कोबाल्ट ब्लू सोडला. दोन मिनिटं आधी सोडला तर तो वाहत सुटतो, उशिरा सोडला तर कडक कडा उरते. पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि मुंबईकडे, आणखी एक त्रास असतो. दमट जागी पडून राहिलेल्या कागदावरची सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेली खळ, जाते आणि रंग टिपकागदावर पडल्यासारखा ठिपक्याठिपक्यांनी शोषला जातो. चूक हाताची समजून आपण चार कागद वाया घालवतो. कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा. सा. ल. हळदणकरांचं निरांजन घेतलेल्या स्त्रीचं म्हैसूरमधलं चित्र अनेकजण राजा रविवर्म्यांचं तैलचित्र समजतात. ते जलरंगात आहे. बोटांमधून झिरपणारा तो उजेड बघितला की या माध्यमाला नवशिक्यांचं म्हणणाऱ्यांचं हसू येतं.

पेस्टलबद्दल थोडक्यात: कडा बोटाने हवी तेवढी मऊ करता येते आणि सुकण्याची भानगडच नाही. पण फिक्सेटिव्ह (पूड धरून ठेवणारा फवारा) मारलं की उजळ जागा काळवंडतात आणि न मारता फ्रेम केलं तर काचेपासून अंतर राखायला माउंट (कडेची पुठ्ठ्याची चौकट) लागतो. घरात लहान मूल असेल तर पेस्टलचा विचारच नको.

तैलरंगात पट्ट्यावर परत परत जाता येतं. जवसाचं तेल बाष्पीभवनाने सुकत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, म्हणून वेळ मिळतो. गव्हाळ-सावळ्या त्वचेसाठी माझं मिश्रण: बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर सारखे, त्यात चिमूटभर अल्ट्रामरीन. हिरवट पट्ट्यासाठी यलो ऑकरमध्ये थोडा आयव्हरी ब्लॅक पुरतो, वेगळा हिरवा नको. कपाळावरचा खिडकीचा उजेड निळसर असतो. तिथे नुसता टायटॅनियम व्हाइट टाकला की त्वचा खडूसारखी दिसते.

रंगांचा सुकण्याचा वेळही सारखा नसतो. बर्न्ट अंबर दोन दिवसांत हाताला लागत नाही, आयव्हरी ब्लॅक आठवडा घेतो. त्यामुळे केसांचा पहिला थर काळ्याने भरून त्यावर लगेच अंबर चढवला की पुढे भेगा. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्यात तेल जास्त, हा क्रम मोडायचा नाही. टर्पेंटाइन हार्डवेअरच्या दुकानातलं असेल तर थेंब कोऱ्या कागदावर टाकून दुसऱ्या दिवशी बघावा. पिवळा चिकट डाग उरला तर ते ब्रश धुवायलाच ठेवावं.

जेसो, म्हणजे कॅनव्हासवरचा पांढरा अस्तराचा थर, फार शोषक असेल तर गडद भाग सुकल्यावर निस्तेज, राखाडी होतात. ते बघून घाईने पुन्हा काळा लावू नये. पूर्ण सुकलेल्या जागेवर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात चोळून जादाचं पुसून घेतलं की मूळ रंग वर येतो. पुसायला वापरलेले हे तेलकट कापडाचे बोळे गोळा करून कचऱ्यात टाकायचे नाहीत, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवावेत किंवा मोकळे पसरून वाळू द्यावेत.

शेवटी मी अॅक्रिलिक आणि तैलरंग दोन्ही जोडतो. पातळ अॅक्रिलिकमध्ये अंबरने छायाप्रकाश मांडून घ्यायचा, एक दिवस थांबायचं आणि वर तैलरंग. खालचा थर जाड आणि चकचकीत ठेवला तर तेल धरत नाही. उलट क्रम, म्हणजे तेलावर अॅक्रिलिक, सुटून येतो.

ऑर्डरचं चित्र असेल तर तारीख देताना एक लक्षात ठेवावं. हाताला न लागणारा तैलरंग आतून मऊच असतो. तो बबल रॅपमध्ये थेट गुंडाळला की गालावर गोल गोल ठसे उमटतात. मी चित्रापुढे पुठ्ठ्याची चौकट ठेवून, पृष्ठभागाला काहीही न लागेल असं बांधून देतो आणि व्हार्निशसाठी सहा महिन्यांनी चित्र परत मागवतो.