वडील म्हणतात खर्च सुटला, आई म्हणते अंगावर आला

८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यातबंदी लागू झाली, त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. एस.वाय.बी.ए.च्या वर्गात अर्थशास्त्रातलं पूर्ण स्पर्धेचं प्रकरण चालू होतं. आमचं कॉलेज निफाड तालुक्यात. बहुतेक मुलांच्या घरी लाल कांदा काढणीला आलेला, बाजारात भाव कोसळलेले. वर्ग निम्मा रिकामा होता. मी दरवर्षीप्रमाणे फळ्यावर वैशिष्ट्यं लिहिली: असंख्य ग्राहक, असंख्य विक्रेते, एकजिनसी वस्तू, मुक्त प्रवेश आणि निर्गमन, बाजाराचं पूर्ण ज्ञान. मग म्हणाले, "दीर्घकाळात तोटा सोसणारी उत्पादनसंस्था बाजारातून बाहेर पडते."

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी ती वर्गात तोंड उघडत नसे.

"मॅडम, तोटा झाला हे ठरवायचं कुणी? परवा आमची ट्रॉली विकली. वडील म्हणतात खर्च सुटला. आई म्हणते अंगावर आला. कांदा एकच, विक्रीची पट्टी एकच."

पंधरा वर्षं मी हे प्रकरण शिकवते आहे. तोटा म्हणजे एकूण खर्च वजा एकूण प्राप्ती, हे वाक्य मी किती वेळा लिहून दिलं असेल! पण खर्च कुणाच्या नजरेनं मोजायचा, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि मलाही कुणी विचारलं नव्हतं. मी डस्टर घेतलं आणि फळा पुसला.

कांद्याला हमीभाव नाही, पण कृषी खर्च व मूल्य आयोग इतर पिकांचा खर्च ज्या रीतीनं काढतो ती रीत इथेही लावता येते. मी तीन रकाने आखले. पहिला ए२: बी, खतं, औषधं, डिझेल, लावलेले मजूर, म्हणजे खिशातून गेलेला पैसा. दुसरा ए२ अधिक एफएल: त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी मिळवायची. तिसरा सी२: त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतलेल्या भांडवलाचं व्याज. तिनं आकडे सांगितले, दोघा-तिघांनी आपापल्या घरचे सांगून दुरुस्त केले. पहिल्या रकान्यात थोडे पैसे उरत होते. दुसऱ्यात काही राहिलं नाही. तिसऱ्यात सरळ तोटा.

वडील पहिल्या रकान्यातून बोलत होते, आई दुसऱ्यातून. चूक कुणाचीच नव्हती. सरकार खर्चाच्या दीडपट हमीभाव दिल्याचं सांगतं ते दुसऱ्या रकान्यावर, शेतकरी संघटना मागतात तो तिसऱ्यावर, एवढं मी सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवरची मुलं पुढे येऊन बसली.

खरा वाद पेटला तो त्यानंतर. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्हीच संधी-खर्च शिकवलात, एक काम केल्यानं दुसऱ्या कामाचा जो मोबदला हातचा जातो तो. हिच्या आईला दुसरीकडे काम मिळणार नसेल, तर तिच्या श्रमाचा संधी-खर्च शून्य." पाठ्यपुस्तकाच्या हिशेबानं त्याचा मुद्दा पक्का होता. मुलगी लाल झाली. "आई बसून राहिली असती तर कांदा ट्रॉलीत चढला असता का?"

मी त्यांना बाबासाहेब आंबेडकरांच्या १९१८ सालच्या लेखाबद्दल सांगितलं. लहान शेतजमिनींवरचा तो लेख. जमिनीचे तुकडे हेच दुखणं मानायला ते तयार नव्हते. शेतीत भांडवल कमी आणि तिच्यावर रिकामे हात जास्त, म्हणून उद्योग वाढवा, असं त्यांचं म्हणणं. मुलगा खूश झाला: म्हणजे रिकामे हात हे बाबासाहेबही म्हणतात! पण ते हात रिकामे का राहिले, हा त्यांचा प्रश्न होता, आणि संधी-खर्चाच्या सूत्रात तो प्रश्न येतच नाही. हे वर्गातल्याच दुसऱ्या मुलीनं त्याला ऐकवलं. मला बोलावं लागलं नाही.

मग मजुरीचा दर. आमच्याकडे बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी. आईचे दिवस कोणत्या दरानं धरायचे? बाजाराचा दर धरला तर बाजारातला भेदभाव आपल्या हिशेबात येतो. न्याय्य वाटेल तो दर धरला तर तो आपण ठरवलेला. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

न्या. रानड्यांनी १८९२मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात सांगितलं होतं की अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना आणि काळांना सरसकट लागू पडत नाहीत. २००८च्या मंदीनंतर मँचेस्टर विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्या अभ्यासक्रमात एकाहून अधिक विचारधारा हव्यात म्हणून संघटना काढली. माझ्या नोट्समध्ये रानडे 'भारतीय आर्थिक विचार' या वेगळ्या पेपरात पडून होते आणि पूर्ण स्पर्धा वेगळ्या पेपरात. दोघांची भेट मी कधी घडवली नव्हती, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

जाताना तिनं विचारलं, "मॅडम, परीक्षेत हे लिहिलं तर चालेल?"

मी खरं ते सांगितलं. प्रश्न 'वैशिष्ट्ये स्पष्ट करा' असा येईल, आदर्श उत्तरात पाच मुद्दे असतील, गुण त्या पाचांना मिळतील. ते आधी लिही. मग जागा उरली तर तुझा कांदा लिही. हे सांगताना मला तिच्याकडे बघवेना. त्याच आठवड्यात अंतर्गत मूल्यमापनाचा प्रकल्प मी बदलला, कारण तेवढंच माझ्या हातात होतं. विषय दिला: घरच्या एका पिकाचा खर्च तीन रीतींनी काढा, आणि घरातल्या किमान दोन माणसांना विचारा.

तिनं वही आणून दिली ती जानेवारीत. रोप टाकण्यापासून लागवड, खुरपणी, काढणी, पात कापणी, निवडणी असे आईचे दिवस तारीखवार लिहिले होते, बेरीज बासष्ट. खाली वेगळ्या शाईनं एक ओळ होती. आईनं विचारायला सांगितलंय, काढणीच्या मजुरांच्या भाकरी आणि चहा कोणत्या रकान्यात धरायचा?